गावठी भोपळ्याची कोवळी फळं गळतात, बी शुद्ध कसं राखावं?

परसू_सत्तरी
परसात गावठी तांबड्या भोपळ्याचे वेल मांडवावर चढवलेत. पहिल्या पावसावर बी टोकलं होतं. मादी फुलं (बुडाशी इवलं फळ असलेली) येतात, पण फळ लिंबाएवढं झालं की पिवळं पडून गळतं. चवथीला माटोळीला (गणपतीवर फळं-भाज्या टांगतात त्या मंडपीला) घरचा भोपळा हवाच. शेजारी संकरित भोपळा आहे, पलीकडे दुधी आणि तवशी (काकडी). बियात भेसळ होऊ नये म्हणून काय करावं?

मांडवाखाली
आधी गळलेलं फळ चिरून बघा. आत अळ्या किंवा सालीवर टोचल्याची खूण आणि डिंक दिसला तर फळमाशी. नुसतंच सुकलेलं असेल तर बहुधा परागीभवन झालेलं नाही. जुलैत हेच जास्त: पावसात मधमाश्या फिरत नाहीत आणि पराग भिजून वाया जातो.

मग हातानं करायचं. उद्या उमलणारी कळी संध्याकाळी टोकाला पिवळसर दिसते. मादी कळीचं तोंड दोऱ्यानं बांधा, म्हणजे परका पराग शिरणार नाही. नर कळ्या लांब देठासकट तोडून घरात पाण्याच्या पेल्यात ठेवा, पराग कोरडा राहतो. सकाळी आठच्या आत नराच्या पाकळ्या काढून पराग मादीच्या मधल्या भागावर सगळीकडे लावा. एका मादीला दोन-तीन नर, तेही तुमच्याच दुसऱ्या गावठी वेलाचे असले तर उत्तम. पुन्हा तोंड बांधा, देठाला रंगीत चिंधी लावा. बी त्याच फळाचं धरायचं.

डिचोलीकर
दुधी-तवशीची काळजी सोडा, भोपळ्याशी त्यांचा संकर होत नाही. शेजारच्या संकरित भोपळ्याचा मात्र होतो.

फळमाशी निघाली तर क्यू-ल्यूरचा (माशीला ओढणाऱ्या गंधाचा) सापळा लावा. आंब्याला लावतात तो मिथिल युजेनॉलचा इथे कामाचा नाही. क्यू-ल्यूरमध्येही फक्त नर सापडतात, म्हणून गळलेली फळं रोज वेचायलाच हवीत. ती शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका, अळी मातीत कोष करते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. फूल सुकताच फळाला पातळ कापडाची पिशवी घाला.

परसू_सत्तरी
माटोळीचाच भोपळा नंतर बियाला ठेवला तर चालेल?

मांडवाखाली
कोवळा काढला असेल तर नको, बी पोचट निघतं. बियाचं फळ देठ वाळून सालीत नख रुतेनासं होईपर्यंत वेलावरच ठेवा. काढल्यावर तीन-चार आठवडे हवेशीर जागी राहू दे, मगच फोडा. बी धुऊन सावलीत वाळवा. वाकवल्यावर कट्कन मोडलं की वाळलं. मग राख घालून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. एकाच वेलाचं बी धरत राहू नका, जोम कमी होतो.