फुटबॉलचा आशियाई चषक: २४ संघ फार झाले, पुन्हा १६ वर या

साइडलाइन

जानेवारी २०२७ मध्ये सौदी अरेबियात पुढचा आशियाई चषक सुरू होतोय. पुन्हा २४ संघ, सहा गट, प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे, आणि वर तिसऱ्या क्रमांकाच्या सहा संघांतले सर्वोत्तम चार. २०१९ पासून हीच रचना आहे. माझ्या मते ही स्पर्धा १६ संघांचीच असायला हवी. २००४ ते २०१५ अशा चार स्पर्धा तशा झाल्या आणि त्यांत काही कमी नव्हतं. २००७ मध्ये युद्धाने होरपळलेल्या इराकने जकार्तात सौदीला १-० हरवून चषक उचलला, तोही १६ संघांतूनच.

साधा हिशेब मांडतो. १६ संघांच्या साखळीत २४ सामने व्हायचे आणि ८ संघ घरी जायचे. आता ३६ सामने होतात आणि तरीही घरी जातात ८ च. बारा सामने वाढवून मिळवलं काय?

त्याहून वाईट म्हणजे तिसऱ्या क्रमांकाचा निकष. २०१९ चं उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचं आहे. भारताने थायलंडला ४-१ हरवलं, यूएईकडून ०-२ आणि बहारीनकडून ०-१ हार. तीन गुण, चार गोल केले, चार खाल्ले. ओमानचं काय झालं? उझबेकिस्तानकडून १-२, जपानकडून ०-१ हार, तुर्कमेनिस्तानवर ३-१ विजय. तीन गुण, चार गोल केले, चार खाल्ले. किर्गिझस्तान? तेच तीन गुण, तेच चार-चार. तिघांची कामगिरी आकड्याला आकडा सारखी, पण ओमान आणि किर्गिझस्तान बाद फेरीत गेले आणि भारत गटात चौथा म्हणून घरी आला. कारण आपल्या गटात थायलंड आणि बहारीन प्रत्येकी चार गुणांवर होते. गट कोणता मिळाला यावर नशीब ठरणार असेल तर त्याला क्रीडास्पर्धा कशी म्हणायची?

त्याच वर्षी व्हिएतनाम आणि लेबनॉन यांचे गुण, गोलफरक आणि केलेले गोल सगळं सारखं निघालं. शेवटी पिवळी कार्डं मोजली. लेबनॉनची जास्त भरली, लेबनॉन बाहेर. दोघे एकमेकांशी खेळलेसुद्धा नव्हते.

जाळीमागून

साइडलाइन, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष अजिबात पटला नाही.

गेल्या स्पर्धेचा, म्हणजे २०२४ च्या सुरुवातीला कतारमध्ये झालेल्या चषकाचा उपविजेता कोण? जॉर्डन. तो आपल्या गटात कितवा आला होता? तिसरा. बहारीन पहिला, दक्षिण कोरिया दुसरा, जॉर्डन तिसरा. तुमच्या १६ संघांच्या नियमाने जॉर्डन साखळीतच संपला असता. मग इराकविरुद्ध भरपाई वेळेत दोन गोल करून ३-२ ने जिंकलेला तो सामना झाला नसता, आणि दक्षिण कोरियाविरुद्धची उपांत्य लढतही झाली नसती. ती लढत मी पूर्ण पाहिली. कोरियाकडे सोन होता, ली कांग-इन होता, आणि पूर्ण सामन्यात त्यांचा एकही फटका गोलवर बसला नाही. अल-नैमातने पहिला गोल केला. दुसऱ्या गोलला अल-तामरी मधल्या पट्ट्यातून चेंडू घेऊन एकटा धावत सुटला, बचावपटू मागे मागे सरकत राहिले, आणि त्याने पेनल्टी बॉक्सच्या कडेवरून डाव्या पायाने चेंडू कोपऱ्यात घातला. २-०. हा संघ पुढे अंतिम सामना खेळला आणि नंतर २०२६ च्या विश्वचषकाला पहिल्यांदाच पात्र ठरला.

आणि व्हिएतनाम. पिवळ्या कार्डांवर पुढे गेलेल्या त्याच संघाने बाद फेरीत जॉर्डनला पेनल्टींवर हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरीत जपानला फक्त एक गोल करू दिला. पुढे जायची त्यांची लायकी होती की नव्हती, ते त्यांनी मैदानात दाखवून दिलं.

फळा

मी साइडलाइनच्या बाजूने. २०१९ मध्ये उत्तर कोरियाने तीन सामन्यांत एक गोल केला आणि चौदा खाल्ले. येमेनने शून्य करून दहा खाल्ले. असे सामने ना हरणाऱ्याला काही देतात, ना जिंकणाऱ्याला. कतारने उत्तर कोरियाला ६-० हरवलं त्यातून कतारबद्दल काय कळलं? काहीच नाही. ते कळलं उपांत्य सामन्यात आणि जपानविरुद्ध ३-१ जिंकलेल्या अंतिम सामन्यात.

तिसरा_पंच

फळा, एकतर्फी सामने १६ संघांतही व्हायचेच. २०११ मध्ये आपण ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहारीनकडून २-५ आणि कोरियाकडून १-४ हरलो होतो. तेरा गोल खाल्ले, आणि तेव्हा संघ १६ च होते. तेव्हा आपण तिथे असायला नको होतं, असं कोणी म्हणालं का?

२०२४ चा मलेशिया-दक्षिण कोरिया सामना आठवून बघा. मलेशिया जॉर्डनकडून ०-४ आणि बहारीनकडून ०-१ हरून आधीच बाहेर पडलेला. तिसरा सामना फक्त कागदावर उरलेला. कोरियाने पहिला गोल केला. उत्तरार्धात फैसल हालिमने बरोबरी साधली, मग पेनल्टीवर मलेशिया २-१ पुढे! कोरियाने पुन्हा उलटवून ३-२ केलं, आणि भरपाईच्या पंधराव्या मिनिटाला, म्हणजे १०५ व्या मिनिटाला, रोमेल मोरालेसने ३-३ केलं. मलेशियाचा राखीव बाक मैदानात धावत आला. त्या संघाच्या हाती स्पर्धेतून फक्त एक गुण लागला, पण त्या गुणामुळे कोरिया गटात पहिला येऊ शकला नाही. ‘निरर्थक’ म्हणता त्या सामन्याने बाद फेरीची मांडणीच बदलली.

साइडलाइन

जाळीमागून, जॉर्डनचं उदाहरण तगडं आहे, पण ते नीट तपासू या. जॉर्डन काही २४ संघांमुळे उगवलेला संघ नाही. २००४, २०११ आणि २०१५, तिन्ही १६ संघांच्या स्पर्धांत तो होता, आणि त्यातल्या पहिल्या दोन्हींत उपांत्यपूर्व फेरीत पोचला होता. २०२४ मध्ये पहिल्या दोन सामन्यांनंतर त्याच्याकडे चार गुण होते. आताच्या नियमात चार गुण म्हणजे तिसरा आला तरी पुढे जाणं जवळपास पक्कं. मग तो बहारीनकडून हरला. तो सामना हरलात तर घरी, अशी वेळ असती तर तोच जॉर्डन वेगळा खेळला असता. साखळीतल्या शेवटच्या सामन्याची धार या नियमाने बोथट झाली, हाच माझा मुद्दा आहे.

नव्वद_अधिक_एक

धार बोथट झाली असं २०१९ चा भारत-बहारीन सामना पाहिलेला माणूस म्हणणार नाही. शारजा. आपल्याला फक्त बरोबरी हवी होती. नव्वद मिनिटं ०-० टिकवली. मग भरपाईच्या पहिल्याच मिनिटाला आपल्याच बॉक्समध्ये प्रणय हलदरकडून फाऊल झाला आणि जमाल रशीदने पेनल्टी मारली. एका मिनिटाने स्पर्धा संपली. प्रशिक्षक कॉन्स्टन्टाइन यांनी त्याच रात्री पद सोडलं. यापेक्षा जास्त धार कुठल्या सामन्याला असते?

आणि खरं बोलायचं तर १६ संघ झाले की भारताने हा चषक विसरायचा. आपण आजवर पाच वेळा खेळलो: १९६४, १९८४, २०११, २०१९ आणि २०२३ ची आवृत्ती, जी प्रत्यक्षात २०२४ मध्ये झाली. शेवटच्या दोन्ही वेळा संघ २४ होते म्हणून आपण होतो. १९६४ चं उपविजेतेपद अभिमानाचं आहेच, दक्षिण कोरियाला २-० हरवलं होतं. पण तेव्हा स्पर्धा चारच संघांची होती.

फळा

भारतासाठी स्पर्धेचा दर्जा उतरवायचा का? आणि उतरवूनही काय हाती आलं ते पाहा. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१. एकही गोल नाही. २०२७ च्या पात्रता फेरीत आपला गट बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर यांचा. घरच्या मैदानावर, शिलाँगला, बांगलादेशशी गोलशून्य बरोबरी. ऑक्टोबर २०२५ मध्ये फातोर्ड्याला छांगटेच्या गोलने आघाडी घेतली आणि सिंगापूरच्या साँग उइ-याँगने दोन गोल करून आपल्याला बाहेर काढलं. पुढच्या महिन्यात ढाक्यातही ०-१. दार २४ जणांसाठी उघडं होतं, तरी आपण आत जाऊ शकलो नाही. दुखणं संघांच्या संख्येत नाही, आपल्या घरात आहे. निवृत्त झालेल्या छेत्रीला चाळिशीत परत बोलवावं लागलं, यातच सगळं आलं.

उजवा_विंगर

फळाचं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं, आणि म्हणूनच तो मुद्दा या वादात लागू होत नाही. भारताने संधी वाया घालवली म्हणून संधीच चुकीची ठरत नाही. ज्यांनी ती वापरली त्यांच्याकडे बघा.

ताजिकिस्तान २०२४ मध्ये पहिल्यांदाच चषकात आला. चीनशी ०-०, यजमान कतारकडून फक्त ०-१, लेबनॉनवर २-१, मग यूएईला पेनल्टींवर हरवून थेट उपांत्यपूर्व फेरी. चीनने त्याच गटात तीन सामन्यांत एकही गोल केला नाही. १६ संघ असते तर ताजिकिस्तानला हे व्यासपीठ कधी मिळालं असतं?

पॅलेस्टाईन तर सगळ्यात बोलकं उदाहरण. २०१५ ला तिन्ही सामने हरले, एक गोल केला, अकरा खाल्ले. २०१९ ला सीरिया आणि जॉर्डनशी ०-० बरोबरी. २०२४ ला, घरी युद्ध चालू, देशातली लीग बंद, खेळाडूंचे नातेवाईक गाझात अडकलेले, आणि त्यांनी हाँगकाँगला ३-० हरवून पहिला विजय मिळवला. बाद फेरीत कतारविरुद्ध पहिला गोलही पॅलेस्टाईनच्या दब्बाघचाच. हार, बरोबरी, विजय. तीन लागोपाठच्या स्पर्धांमध्ये एक संघ डोळ्यांदेखत मोठा झाला.

साइडलाइन

त्याच पॅलेस्टाईनला २०१५ ची जागा मिळाली कशी? एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) चॅलेंज कप जिंकून. दुबळ्या संघांसाठी वेगळी स्पर्धा होती आणि २००८ पासून तिचा विजेता १६ संघांच्या चषकात जायचा. २००८ मध्ये दिल्लीत भारताने अंतिम सामन्यात ताजिकिस्तानला ४-१ हरवलं, छेत्रीने तीन गोल केले, आणि त्या जोरावर आपण २०११ ला गेलो. २००६ चा विजेता खुद्द ताजिकिस्तान, फक्त तेव्हा विजेत्याला चषकाची जागा मिळत नसे. म्हणजे लहान देशांना जिंकायला शिकवणारी, चषकाचं दार दाखवणारी वाट १६ संघांच्या काळातच होती. ती २०१४ नंतर बंद केली आणि बदल्यात आठ जागा वाढवल्या. जिंकून जागा मिळवण्यात जी उभारी आहे ती पात्रता गटात काठावर पास होण्यात नाही.

आणखी एक गोष्ट कोणीच बोललेलं नाही: यजमानपद. २०१९ यूएई, त्यानंतर कतार, आता सौदी. सलग तीन स्पर्धा आखातात. मधली चीनला दिली होती, त्यांनी कोविडमुळे सोडली हे खरं. पण ५१ सामने, महिनाभराची स्पर्धा आणि तितकी स्टेडियम्स किती देशांना परवडतात? २०२७ साठी भारतानेही अर्ज केला होता, डिसेंबर २०२२ मध्ये मागे घेतला. स्पर्धा फुगत गेली की ती श्रीमंतांच्याच अंगणात फिरत राहणार.

तिसरा_पंच

यजमानपदाचा मुद्दा मला मान्य, उपाय मान्य नाही. २००७ मध्ये इंडोनेशिया, मलेशिया, थायलंड आणि व्हिएतनाम अशा चार देशांनी मिळून स्पर्धा भरवली होती. २४ संघांचीही तशी भरवता येईल. मन मोठं हवं.

तिसऱ्या क्रमांकाचा घोळच खटकत असेल तर उलट ३२ करा. आठ गट, पहिले दोन पुढे, बाकीचे घरी. कार्डं मोजणं नाही, दुसऱ्या गटाकडे डोळे लावून बसणं नाही.

फळा

एएफसीचे सदस्य देश ४७. त्यातले ३२ अंतिम स्पर्धेत? मग पात्रता फेरी घ्यायचीच कशाला?

उजवा_विंगर

३२ ला माझाही विरोध. पण चॅलेंज कप परत आणा या मागणीवर मी साइडलाइनबरोबर आहे. फक्त तो भूतान, नेपाळ, मालदीव, मंगोलिया आणि आता दुर्दैवाने आपल्यासाठी असावा. चषकाची पात्रता हुकली की या संघांना पुढची दोन-तीन वर्षं दमाचे, काहीतरी पणाला लागलेले सामनेच मिळत नाहीत. त्या स्पर्धेच्या विजेत्याला २४ मधली एक जागा द्या, शेवटच्या पात्रता गटांतून सहाऐवजी पाच संघ घ्या. त्यासाठी ताजिकिस्तानची जागा काढून घ्यायची गरज नाही.