‘इनर शॅडो’ला मराठीत काय म्हणावं? आतली सावली, अंतर्छाया, की आणखी काही?

कवडसा:
आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात संध्याकाळी मी पोरापोरींना कॉम्प्युटर शिकवते. शिकवते म्हणजे, एक खोली, तीन मशीन, आणि लाइन असली तर. यंदा फिग्मा (पडद्यावरची बटणं-चौकटी आखायचं सॉफ्टवेअर) घेतलं, कारण ते ब्राउझरमधे चालतं आणि पैसे न भरता शिकता येतं. इफेक्टची यादी मराठीत लिहून दिली तर ड्रॉप शॅडोला ‘पडछाया’ लिहिलं, ते खपलं. इनर शॅडोला ‘आतली सावली’ लिहिलं आणि आठवीतली एक पोरगी म्हणाली, “ताई, सावली आत कशी पडन? सावली त बाहेरच पडते.”

मी म्हटलं, थांब, करून दाखवते. दोन सारखे चौकोन काढले. एकाला ड्रॉप शॅडो, दुसऱ्याला इनर शॅडो. दोन्हींना वाय (सावली खाली सरकवायचा आकडा) ४, ब्लर (कड धूसर करायचा) ४. पहिल्याची सावली चौकोनाच्या खालच्या अंगाला आली. दुसऱ्याची आत, आणि तीही वरच्या कडेला. आकडा तोच, सावली उलटी! पोरगी माझ्याकडे पाहते, मी तिच्याकडे. वीसेक वर्षं हे काम करते आहे, पण असं का होतं हे कधी शब्दांत सांगावं लागलं नव्हतं. तेव्हा शब्द सुचवा, आणि जमलं तर असा सुचवा की त्यातूनच कारण कळेल.

बोरूबहाद्दर:
‘अंतर्छाया’ वापरात दिसतो, पण संस्कृत संधीच्या हिशोबाने तो चुकीचा आहे. अंतर् मधला र् पुढे छ आला की श् होतो. अंतश्चक्षू, निश्छल हे शब्द आठवा. म्हणजे शुद्ध रूप ‘अंतश्छाया’. जाता जाता, वृक्ष आणि छाया मिळून ‘वृक्षच्छाया’ होतं, मधे एक च् येतो. मराठीतल्या ‘पडछाये’ला मात्र हा नियम कुणी लावत नाही, आणि लावूही नये.

कवडसा:
सर, अंतश्छाया मी फळ्यावर लिहिला. तीन पोरांनी तीन तऱ्हेने वाचला. एकाने ‘अंतिम छाया’ वाचला, मग मी पुसून टाकला.

धुरकरी:
ताई, तुमच्या पोट्टीचं बरोबर हाये. सावली आपल्या मनानं आत पडत नाई, तिले कोनीतरी पाडते. कोन पाडते ते इचारा. आमच्या वावरातली हीर घ्या. सकायी आठ वाजता उगवतीकडून ऊन येते. धुऱ्यावरच्या निंबाची सावली कुठं जाते? मावयतीकडं. आन हिरीतली? ती उगवतीकडच्याच भितीले चिकटून बसते, मावयतीकडची भित उनात लखलख. सूर्य एकच हाये. झाडाची सावली त्याच्यापासून दूर पयते, हिरीतली त्याच्याच अंगाले लपते. तुमचा ‘आकडा तोच, सावली उलटी’ हेच हाये. हिरीतली सावली हिरीची नसते, काठाची असते. मंग काठाचीच म्हना न.

कवडसा:
दादा, हात जोडले. रविवारी सगळ्यांना घेऊन गावाबाहेरच्या जुन्या विहिरीवर गेले. (कठडा पक्का आहे, आणि दोन मोठी माणसं सोबत होती, हे आधीच सांगते.) सकाळची वेळ. पोरांनी आधी बाभळीची सावली पाहिली, मग आत वाकून पाहिलं. त्याच पोरीने बोट दाखवून सांगितलं, “म्हंजे चौकोन वर उचलला की सावली खाली, आन चौकोन खाली दाबला की सावली वर.” मी वर्षभर शिकवलं असतं तरी इतकं नीट बोलता आलं नसतं. ‘काठसावली’ माझ्या डोक्यात बसतोय. कुणाला खटकतो का?

बोरूबहाद्दर:
मला थोडा खटकतो. लुगड्याचा काठ, नदीचा काठ. लुगड्याच्या काठावरची सावली असा अर्थ कुणी घेतला तर? ‘कडछाया’ चालेल का?

बिनपगारी:
मी नागपुरात वेबसाइटचं काम करतो, गाव पुसदकडचं. बोरूबहाद्दरांची शंका उलट कामाची आहे. सीएसएसमधे, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, बॉक्स-शॅडोला (खोक्याच्या सावलीला) ‘इनसेट’ हा शब्द जोडला की सावली आत येते. ती चौकटीच्या रेषेवर चढत नाही, रेषेच्या आतल्या बाजूपासून सुरू होते. पार्श्वभूमीच्या रंगावर बसते, पण मजकुराच्या खाली राहते. म्हणजे काठ वेगळा, सावली त्याच्या आत, तळावर. विहिरीचंही तसंच आहे, कठड्याच्या माथ्यावर ऊनच असतं. ‘कड’ म्हटलं की फक्त रेषा डोळ्यांपुढे येते. ‘काठ’ म्हटलं की त्याच्या पलीकडे काहीतरी खोल आहे हे आपोआप येतं.

नवीन पोरांची एक ठरलेली चूक इथेच होते. फोटोला इनसेट सावली देतात आणि ती दिसत नाही म्हणून रात्रभर कोड उलटंपालटं करतात. फोटो हा त्या खोक्यातला मजकूर आहे, तो सावलीच्या वर बसतो. परातीत कणीक भरली की तळावरची सावली झाकली जाते, तसं. उपाय म्हणजे फोटोभोवती एक खोकं घ्यायचं आणि फोटोच्या वर रिकामा थर ठेवून त्याला सावली द्यायची. अक्षरांच्या सावलीला, म्हणजे टेक्स्ट-शॅडोला, इनसेट चालतच नाही.

कवडसा:
परातीचं उदाहरण उद्याच वापरते. आता क्रियापदाचं सांगा. ‘सावली पाडणे’ हे कुणी बोलत नाही. ‘सावली देणे’ म्हटलं की झाड आठवतं, आसरा आठवतो. कारखान्यातली पोरं (म्हणजे माझ्या खोलीतली) सरळ ‘शॅडो मार’ म्हणतात.

धुरकरी:
मारा, चुना मारते तशी. आमच्या गावचा पेंटर दुकानाच्या पाटीवर अक्षर काढून झालं की ‘शेड मारतो’ म्हनते. आता शेड म्हटलं की आमाले गोठ्याचं टिनाचं शेड दिसते, पन त्याचं काम चालते न.

बिनपगारी:
‘काठसावली दे’, ‘काठसावली कमी कर’, ‘दाबल्यावर काठसावली आली पाहिजे’ ही तीन वाक्यं मी आज सहकाऱ्यांसमोर बोलून पाहिली. तिसरं कुणालाच अडलं नाही. कारण बटणाचा खेळच तो आहे. उभ्या बटणाला बाहेर सावली, दाबलेल्याला आत. शब्द वापरून पाहिल्याशिवाय कोशात घालू नये, असं माझं मत.

निंबोळी:
एक आडवा प्रश्न. विदर्भ कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून आपल्याकडे वर्षातून दोनदा शून्य सावली दिवस येतो. नागपूरला एकदा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मग जुलैत. त्या दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. विहिरीत ऊन थेट पाण्यापर्यंत जातं, काठाची सावली उरत नाही. पण डिझाइनमधे एक्स (आडवं सरकवायचा आकडा) ० वाय ० ठेवून नुसता ब्लर वाढवला तरी चारही बाजूंनी आतून काळपट कड येते. ती कुणाच्या काठाची सावली?

कवडसा:
निंबोळीताई, दोन दिवस ह्यावरच अडकले होते. उत्तर जुलैतल्या ढगाळ दिवसानेच दिलं. मळभ दाटलं की सूर्य एका जागी राहत नाही, उजेड सगळ्या आभाळातून येतो. विहिरीच्या मधोमध आभाळाचा मोठा तुकडा दिसतो, तिथे उजेड जास्त. भिंतीच्या बुडाशी आभाळ कमी दिसतं, तिथे अंधूक. म्हणजे ही सावली सूर्याने पाडलेली नाहीच. अडोशामुळे उजेड कमी पोचला, एवढंच. आपल्या भाषेत ह्याला शब्द आहे: झाकोळ. एक्स-वाय शून्य आणि ब्लर असेल तर ‘काठाचा झाकोळ’, आकडे दिले तर ‘काठसावली’. सॉफ्टवेअर दोघांना एकाच नावाने हाक मारतं, ते त्याचं त्याला लखलाभ.

आणि मग लक्षात आलं, ‘सावली’ शब्दातही दोन गोष्टी आधीपासून आहेत. जमिनीवर उमटलेला आकार ही सावली, आणि ऊन नाही ती जागाही सावलीच. ‘सावली लांब झाली’ आणि ‘सावलीत बस’. पोरीचा गोंधळ पहिल्या अर्थामुळे झाला. चौकोनाचा आकार आत उमटणार कसा? दुसरा अर्थ घेतला असता तर तिला काहीच अडलं नसतं.

बोरूबहाद्दर:
हे मान्य. ‘कडछाया’ मागे घेतो. आत गेलेल्यासाठी मराठीत ‘पोचा’ही आहे, भांड्याला पडतो तो, पण त्यात बिघाडाचा वास आहे. उलट बाजूसाठी ‘उठाव’ आहेच. सेवाग्रामला बापू कुटीच्या भिंतीवर मीराबेननी मातीत उठवलेली ताडाची झाडं पाहिली आहेत? तो उठाव. शिलालेखातली अक्षरं आत खोदलेली, त्यांच्या पोटात काठसावली. ऊन फिरलं की वाचता येतात, डोक्यावर आलं की पुसट होतात.

धुरकरी:
पोचा-उठाव सोडा, मतलबाचं सांगतो. पेरा नोंदवाचं एक ॲप हाये. लिहाच्या खोक्याले रेघच नाई, नुसती बारीक फिक्की काठसावली. घरात दिसते. वावरात दुपारच्या बारा वाजता फोन उघडला त पांढऱ्यावर पांढरं. बोट कुठं ठेवू? शेवटी लेकाले म्हटलं, तूच भर.

बिनपगारी:
दादा, तक्रार रास्त आहे, आणि त्याला मापही आहे. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ ह्या, वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या नियमावलीत लिहिलंय की खोकं, बटण ओळखायला लागणारी खूण आणि शेजारचा रंग ह्यांत किमान ३:१ चा उजेड-फरक हवा. फिकट काठसावली तिथे नापास होते. २०१९-२० मधे न्यूमॉर्फिझमची लाट आली होती, सगळं एकाच रंगाचं, एका अंगाला काळपट सावली, दुसऱ्या अंगाला पांढरट. पडद्यावर लोण्यासारखं दिसायचं, पण बटण कोणतं आणि भिंत कोणती ते कळत नव्हतं. त्यापेक्षा विंडोज ९५ बरं: वरची-डावी रेघ गडद, खालची-उजवी उजळ, ब्लर नाहीच, आणि खोकं खोल आहे हे कुणालाही कळायचं. २०१३ मधे आयफोनच्या आयओएस ७ ने सगळं सपाट केलं, तेव्हा काठसावलीही गेली होती. आता परत येतेय.

कवडसा:
धुरकरीदादांचा अनुभव पोरांना वाचून दाखवला. एकाने लगेच स्वतःच्या खोक्याला गडद रेघ मारली आणि काठसावली नुसती चव म्हणून ठेवली. नोटमधे आता असं लिहिलंय: ‘काठसावली, काठाने तळावर पाडलेली. आकडे शून्य असतील तर झाकोळ.’ कंसात ‘इनर शॅडो’ ठेवलंय, कारण मेनूत शोधायचं तर तेच शोधावं लागतं.

एक राहिलं. सावली आत किती पसरावी ह्या आकड्याला फिग्मा आणि सीएसएस दोन्हींत ‘स्प्रेड’ म्हणतात, ते ‘फैलाव’ लिहिलं. पण फोटोशॉप बाहेरच्या सावलीला स्प्रेड म्हणतं आणि आतल्या सावलीला ‘चोक’. गळा दाबणे! विहिरीचा गळा आवळत गेला, उजेडाचं तोंड लहान झालं, अर्थ बरोबर लागतो. शब्द?

धुरकरी:
आवळ.

कवडसा:
लिहिला.