लाईम होऊन गेलेल्या भावाचा बोनमॅरो ताईला चालेल का?

केळीवाला_रावेर

मंडळी नमस्कार, जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या. माझ्या मोठ्या ताईला मागच्या उन्हाळ्यात अप्लास्टिक अ‍ॅनिमिया निघाला, म्हणजे हाडातल्या मगजात (बोनमॅरोत) रक्त बनणंच जवळपास बंद. उपचार मुंबईला चालू आहेत. डॉक्टर म्हणाले ट्रान्सप्लांट हाच खरा इलाज, भावंडांचं एचएलए, म्हणजे पेशींची जुळणी, तपासून घ्या. आम्ही दोघं भाऊ, माझं अर्धंच जुळलं आणि धाकट्याचं पूर्ण. रिपोर्ट आला त्या दिवशी घरात दिवाळी होती अक्षरशः.

आता गंमत बघा. धाकटा तीन-चार वर्षं अमेरिकेत कनेक्टिकटला नोकरीला होता. २०२३ च्या जूनमध्ये तिकडे झाडीत फिरून आला आणि मांडीवर लाल चट्टा उठला, आधी रुपयाएवढा, आठवड्यात पुरीएवढा, मधे ठिपका आणि भोवती वर्तुळ. आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला तर आम्ही सगळे म्हणतोय नायटा आहे, मलम लाव. तिकडच्या डॉक्टरने बघताक्षणी लाईम सांगितलं, गोचीड चावून होतो तो, दोन आठवडे डॉक्सिसायक्लीन दिलं, बरा झाला, तेव्हापासून कणकण नाही की सांधेदुखी नाही. चार पोती खताची उचलतो आजही.

मार्चमध्ये ताईला रक्त लागत होतं म्हणून हा रक्तपेढीत गेला, फॉर्मवर खरं ते लिहिलं. तिथला मुलगा म्हणे लाईम म्हणजे काय, लिंबाची अ‍ॅलर्जी का? मग आत जाऊन कोणाला तरी फोन केला आणि म्हणाला नको, दुसरा माणूस आणा. एवढंच. कारण नाही की काही नाही. आणि आता ट्रान्सप्लांटच्या तपासण्यांत लाईमची अँटीबॉडी टेस्ट झाली ती पॉझिटिव्ह आली! दोन वर्षांनी! टीमची मीटिंग पुढच्या आठवड्यात आहे आणि आईने तर धसकाच घेतलाय, म्हणते गोचिडाचं विष पोरीच्या अंगात घालू नका. बाबा म्हणतात गुरांच्या गोचिड्या उपटण्यात माझा जन्म गेला, मला काय झालं? कोणाला अनुभव किंवा माहिती असेल तर सांगा, रात्र रात्र झोप नाही.

निसर्गमित्र_धुळे

भाऊ माझं ऐका, मी यावर बरेच व्हिडिओ पाहिलेत. लाईम कधीच पूर्ण जात नाही, जंतू सांध्यात लपून बसतात आणि संधी मिळाली की वर येतात. टेस्ट पॉझिटिव्ह आहे म्हणजे आतमध्ये आहेच ना ते. तुमचं अर्धं जुळतंय तर तुमचंच द्या, विषाची परीक्षा कशाला.

लॅबवाली_ताई

निसर्गमित्र दादा, राग मानू नका पण असा सल्ला देऊ नका हो कोणाला. पूर्ण जुळणारा सख्खा भाऊ हातात असताना अर्ध्या जुळणीवर जाणं म्हणजे ग्राफ्ट (दिलेला मॅरो) न रुजणं, दात्याच्या पेशी पेशंटच्याच अंगावर उठणं, हे धोके वाढवून घेणं आहे. अर्धी जुळणीही आजकाल करतात, पण दुसरा चांगला डोनर नसेल तेव्हा.

केळीवाले दादा, मी जळगावात रक्तपेढीत अकरा वर्षं काढलीत, सध्या घरी आहे. एकेक सांगते.

अँटीबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे जंतू आहे असं नाही. अँटीबॉडी म्हणजे शरीराने ठेवलेली नोंद. चोर पकडून नेला तरी पोलीस पाटलाच्या वहीत त्याचं नाव राहतंच ना, तसं. लाईमची आयजीजी नावाची अँटीबॉडी बरं झाल्यावर वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून ही टेस्ट बरा झाला का हे बघायला वापरतच नाहीत. धाकट्याची पॉझिटिव्ह आली यात नवल काही नाही, उलट नसती केली तरी चाललं असतं असं मला वाटतं, पण टीमने सावधगिरी म्हणून केली असेल.

रक्तातून लाईम जातो का? अमेरिकेत दरवर्षी अंदाजे ४ लाख ७६ हजार लोकांवर लाईमचे उपचार होतात, आणि रक्त चढवल्यामुळे लाईम झाल्याची एकही केस आजपर्यंत नोंदलेली नाही. जंतू पिशवीत जगू शकतो हे खरं आहे, लॅबमध्ये साठवलेल्या रक्तात तो जिवंत राहिलेला दिसलाय, म्हणूनच ज्याचं औषध चालू आहे त्याचं रक्त घेत नाहीत. पण हा बोरेलिया, म्हणजे लाईमचा जंतू, रक्तात राहतो तो सुरुवातीचे थोडे दिवस, मग कातडी, सांधे, नसा असा पसरतो. आणि त्या सुरुवातीच्या दिवसांत माणसाला बहुतेक वेळा ताप-चट्टा असतो, तो रक्त द्यायला येतोच कशाला आणि आला तरी आपण परत पाठवतो.

मग धाकट्याला का परत पाठवलं? कारण त्या पोराला माहीत नव्हतं. आपल्याकडे प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, दोन्ही कावीळ म्हणजे बी आणि सी, सिफिलीस हा गुप्तरोग आणि मलेरिया अशी तपासणी सक्तीची आहे, लाईमची नाही आणि त्याची गरजही नाही. कोणाचं तरी नाव न ऐकलेलं दुखणं आलं की आम्ही सरळ नाही म्हणतो, रक्तपेढीला नाही म्हणायला काही लागत नाही, एक गेला तर मागे दहा जण रांगेत असतात. बोनमॅरोचं तसं नाही. तिथे रांगेत एकटा धाकटाच उभा आहे. त्यामुळे ट्रान्सप्लांटवाले डॉक्टर बरा झालेला आजार बघून डोनर टाकून देत नाहीत, नीट तपासून घेतात. तिकडच्या डोनर रजिस्ट्रीतसुद्धा लाईमचे उपचार पूर्ण होऊन ठणठणीत झालेल्याला घेतात, त्रास अजून चालूच आहे म्हणणाऱ्याला घेत नाहीत.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. रक्तपेढीने परत पाठवलं ते बरंच झालं! कारण चुकीचं असेल पण काम योग्य झालं. अप्लास्टिकच्या पेशंटला ट्रान्सप्लांटआधी घरच्या नात्यातल्यांचं रक्त देतच नाहीत. ताईच्या शरीराने धाकट्याच्या पेशी आधीच ओळखून त्यांच्याविरुद्ध तयारी करून ठेवली तर उद्या त्याचाच मॅरो रुजायला त्रास होतो. तुम्ही, आई-बाबा, काका, कोणीच देऊ नका, बाहेरचे डोनर गोळा करा.

आणि टीमला एक प्रश्न नक्की विचारा, बॅबेसियाचं बघितलं का म्हणून. अमेरिकेत लाईम देणारी जी गोचीड आहे तीच बॅबेसिया नावाचा परजीवी पण देते, तो मलेरियासारखा लाल पेशीत घुसतो, आणि धडधाकट माणसाला महिनोन्‌महिने काही जाणवत नाही. तो मात्र रक्तातून जातो, नक्की जातो. १९७९ ते २००९ मध्ये तिकडे रक्तातून झालेल्या १६२ केसेस नोंदल्यात. २०१९ पासून १४ राज्यांत आणि वॉशिंग्टन डीसीमध्ये रक्ताची बॅबेसियासाठी तपासणी करायला सांगितली आहे, कनेक्टिकट त्यात आहे. आपल्याकडे स्लाईडवर कोणी पाहिला तर मलेरियाच वाटेल, रिंग तशीच दिसते. पीसीआर करून घेतली की विषय संपला.

केळीवाला_रावेर

ताई तुमचे उपकार कसे फेडू. एक शंका, विचारायला लाज वाटते. एका नातेवाईकाने आईच्या कानात घातलंय की हा लाईमचा जंतू गुप्तरोगाच्या जातीचा आहे आणि धाकट्याची ती टेस्ट पण पॉझिटिव्ह येईल. आई आता त्याच्याकडे वेगळ्याच नजरेने बघून राहिली. पोरगं लग्नाचं आहे हो.

लॅबवाली_ताई

हाहा, नातेवाईक अर्धवट वाचून आलेत. लाईमचा आणि सिफिलीसचा, दोन्ही जंतू स्क्रूसारखे पिळदार, एकाच खानदानातले लांबचे भाऊबंद, एवढंच. लाईममध्ये सिफिलीसची व्हीडीआरएल टेस्ट सहसा निगेटिव्हच येते. सिफिलीसच्या काही दुसऱ्या टेस्ट क्वचित चुकून पॉझिटिव्ह येतात, म्हणून लाईमची हिस्टरी आधी सांगून ठेवायची. आईला म्हणा तुमच्या पोराला गोचीड चावली, बाकी कोणी नाही 😄

गुरांचा_डॉक्टर_चोपडा

तुमच्या बाबांच्या मुद्द्यावर लिहितो, कारण ते चूक नाहीत. लाईम देणारी गोचीड वेगळी, ती इक्सोडिस जातीची, अमेरिकेत हरणांच्या आणि उंदरांच्या नादाने वाढते. हा आजारच मुळात कनेक्टिकटच्या लाईम गावावरून ओळखला जातो, १९७५ च्या सुमारास तिथे पोरांचे गुडघे सुजायला लागले त्यावरून शोध लागला. आपल्या म्हशी-बैलांच्या कानात, कासेला जी गच्च फुगलेली राखाडी एरंडीच्या बीसारखी दिसते ती दुसरी. भारतात लाईमच्या केसेस आहेत पण तुरळक, हिमालयाकडच्या राज्यांतून जास्त.

पण म्हणून आपल्या गोचिड्या साधू-संत नाहीत. सिंधुदुर्गात गोचिडीनेच माकडताप आणला, आणि २०११ मध्ये शेजारच्या गुजरातमध्ये अहमदाबादजवळ क्रिमियन काँगो ताप निघाला होता, तो तर जनावराच्या रक्तातूनही लागतो. माझी एकच कळकळ, बोटात धरून फोडू नका. आपल्याकडे काका लोक दोन नखांत धरतात आणि टच्‌ करून चिरडतात, रक्त उडतं धोतरावर, तसेच हात विडी धरायला जातात. रॉकेल ओतणं, काडी लावणं पण नको. माणसाला लागली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, साबणाने धुवायचं. लाईमवाली गोचीड तर बहुतेक वेळा दीड दिवस चिकटून बसल्याशिवाय जंतू सोडत नाही, लवकर काढली की काम झालं.

सातपुड्याचा_पावा

मी तळोद्याकडचा. धाकट्या बहिणीला सिकलसेल, माझा मॅरो दिला तिला, चार वर्षं झाली. लाईमचं मला कळत नाही पण धाकट्याला एवढं सांगा की मणक्यातून काढत नाहीत, हे सगळे घाबरवतात फुकटचे. कंबरेच्या मागच्या हाडातून काढतात, पूर्ण भूल देऊन. माझं लिटरभर काढलं असेल. उठल्यावर गाढवाने लाथ घातल्यासारखी कंबर, तीन रात्री पालथा झोपलो, दहाव्या दिवशी मोटरसायकल चालवली (डॉक्टरांना सांगू नका). माझी पण माय म्हणे पोरगा वाळून जाईल. काही वाळलो नाही भो, पोट सुटलंय उलट.

दुसरी पद्धत असते, चार-पाच दिवस इंजेक्शन देऊन हातातून मशीनने पेशी काढायची, पण अप्लास्टिकला हाडातलाच मॅरो बरा मानतात असं आमच्या शेजारच्या बेडवाल्यांना सांगत होते. आणि राहायची सोय आधीच बघा, शंभर दिवस तरी दवाखान्याच्या जवळ राहावं लागतं, आमचं तिथेच सगळ्यात जास्त हाल झालं.

निसर्गमित्र_धुळे

ताई चूक झाली, मला वाटलं पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह. डोनर पाहिजे असतील तर सांगा, बी पॉझिटिव्ह आहे, धुळ्यातले चार-पाच जण घेऊन येतो.

केळीवाला_रावेर

अपडेट देतो. मीटिंग झाली. डॉक्टरांनी अँटीबॉडीच्या रिपोर्टकडे बघितलं आणि चट्टा कधी उठला, औषध किती दिवस घेतलं, आता काही त्रास आहे का, एवढंच विचारलं. तिकडचं प्रिस्क्रिप्शन धाकट्याच्या मेलवर होतं ते दाखवलं. बॅबेसियाचं मी विचारल्यावर मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या, म्हणे तुम्ही डॉक्टर आहात का? म्हटलं नाही मॅडम, केळी लावतो. पीसीआर पाठवली, काल निगेटिव्ह आली. घरच्यांचं रक्त नको हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं, आम्ही आधीच बंद केलं होतं. तारीख मिळाली आहे, पुढच्या महिन्याची. निसर्गमित्र भाऊ, तुम्हाला मेसेज केलाय, प्लेटलेट लागणार आहेत.

आई तयार झाली. फक्त धाकट्याच्या ताटातलं लिंबू बंद केलंय तिने, वरणभातावर पिळू देत नाही, लोणचं पण कपाटात वर ठेवलंय. ते गावाचं नाव आहे हे सांगून सांगून आम्ही थकलो.