सायलेशियाची डचेस हेडविग हिने दीक्षा का घेतली नाही?

कृष्णाकाठ (सांगली): येत्या शनिवारी आमच्या वाचनालयात सायलेशियाचा (हा प्रदेश आज मुख्यतः पोलंडमध्ये येतो) ड्यूक पहिला हेन्री, म्हणजेच दाढीवाला हेन्री, याची पत्नी हेडविग हिच्याविषयी मला बोलायचे आहे. बव्हेरियातील आंडेक्स घराण्याची ही मुलगी बाराव्या वर्षी लग्न होऊन सायलेशियात आली, तिला सात मुले झाली आणि तिच्याच आग्रहावरून हेन्रीने १२०२ मध्ये त्शेब्नित्सा येथे स्त्रियांचा मठ स्थापन केला. १२३८ मध्ये पती वारल्यावर ती त्याच मठात राहायला गेली. मठाचे प्रमुखपद तेव्हा तिची मुलगी गेरट्रूड सांभाळत होती. असे असूनही हेडविगने अखेरपर्यंत नन म्हणून दीक्षा घेतली नाही. एवढ्या विरक्त बाईला अडचण कसली होती?

अजिंक्यतारा (सातारा): अडचण मालमत्तेची होती. दीक्षेबरोबर दारिद्र्याचे व्रत येते आणि ते घेतले की स्वतःच्या नावावर काहीच ठेवता येत नाही; हेडविगला तर आपले उत्पन्न गोरगरिबांवर आणि रुग्णांवर स्वतःच्या मर्जीने खर्च करायचे होते. आपल्याकडे राण्यांना चोळीबांगडीसाठी गावे लावून दिलेली असत आणि त्या उत्पन्नातून त्या दानधर्म करीत, तसेच काहीसे हे समजावे, अर्थात तुलना ढोबळच आहे. तिला नुसती जपजाप्य करणारी मानू नये, असेही मला वाटते. १२२९ मध्ये माझोव्हिया या पोलंडमधील दुसऱ्या प्रदेशाचा ड्यूक कोनराद याने हेन्रीला कैद केले, तेव्हा तिचा मुलगा सैन्य जमवू लागला होता. रक्तपात टाळण्यासाठी हेडविग स्वतः कोनरादकडे गेली आणि तिने नवऱ्याला सोडवून आणले. पुढे दोन्ही घराण्यांत सोयरीकही झाली.

मिरजकर: वरील उत्तराशी सहमत आहे. ती थंडीतही अनवाणी चालत असे, म्हणून तिच्या धर्मगुरूंनी तिला जोडे बाळगण्याची आज्ञा केली. तिने ती पाळली, पण जोडे काखेत धरून! ही कथा संतचरित्रातली असल्याने तेवढ्याच बेताने सांगावी. तिचा मुलगा दुसरा हेन्री मात्र ९ एप्रिल १२४१ रोजी लेग्नित्सा येथे मंगोलांशी लढताना खरोखरच मारला गेला आणि हे दुःख पाहून ती १२४३ मध्ये वारली. १२६७ मध्ये चर्चने तिला संतपद दिले.

कृष्णाकाठ (सांगली): दोघांचेही आभार. भाषणासाठी चित्र शोधताना मला मुकुट घातलेली यादव्हिगा (हेडविग नावाचे पोलिश रूप) सापडली आहे. ती हीच का?

मिरजकर: नव्हे, ती चौदाव्या शतकातील पोलंडची राणी. नाव एकच असल्याने घोटाळा होतो. हातात जोडे दिसले, तर ती आपली हेडविग.