जेरुसलेमचे नगराध्यक्ष डॉ. खालिदी यांची हद्दपारी आणि नाशिकशी तुलना

गोदाकाठ (नाशिक):
नमस्कार. ब्रिटिश अमलाखालील पॅलेस्टाईन या विषयावर पुढील महिन्यात आमच्या वाचकमंडळात मला अर्धा तास बोलायचे आहे. त्यासाठी मी डॉ. हुसेन फख्री अल-खालिदी यांची निवड केली आहे. बैरुतला वैद्यकशास्त्र शिकलेल्या आणि मँडेट सरकारच्याच (म्हणजे तेथील ब्रिटिश सरकारच्या) आरोग्य खात्यात नोकरी केलेल्या या गृहस्थाने राजकारण केले ते नगरपालिकेच्या सभागृहात बसून. तरीही जनतेने निवडलेल्या या नगराध्यक्षाला १९३७ मध्ये खटला न चालवता सेशेल्स बेटांवर नेऊन ठेवण्यात आले. नाझारेथमध्ये झालेला ब्रिटिश अधिकाऱ्याचा खून हे त्याचे निमित्त असल्यामुळे आपल्याकडील जॅक्सन प्रकरणाशी तुलना करावी, असे काही सभासद सुचवतात. ती कितपत योग्य ठरेल?

पंचवटीकर:
आधी एक दुरुस्ती सुचवतो, कारण सभेत हा प्रश्न हमखास येईल. १९३४ च्या निवडणुकीत लोकांनी सहा अरब आणि सहा ज्यू असे बारा सभासद निवडले; त्यांच्यातून नगराध्यक्ष नेमण्याचा अधिकार मात्र हाय कमिशनरकडे, म्हणजे तेथील सर्वोच्च ब्रिटिश अधिकाऱ्याकडे, होता. खालिदींनी १९२० पासून त्या खुर्चीवर बसलेल्या राघिब नशाशिबींना निवडणुकीत हरवले आणि त्यानंतर सरकारनेच त्यांना नेमले. म्हणजे ज्या सरकारने त्यांच्या हाती शहर सोपवले, त्याच सरकारने तीन वर्षांनी त्यांना उचलून नेले.

एप्रिल १९३६ मध्ये अरबांचा सार्वत्रिक संप सुरू झाला, तेव्हा स्थापन झालेल्या अरब हायर कमिटीचे, म्हणजे पॅलेस्टाईनमधील अरब नेत्यांच्या संयुक्त समितीचे, खालिदी सभासद होते. नशाशिबीही त्याच कमिटीत होते, परंतु जुलै १९३७ मध्ये ते बाहेर पडले. त्याच महिन्यात ब्रिटिश सरकारने नेमलेल्या पील आयोगाने पॅलेस्टाईनच्या फाळणीची शिफारस केली. २६ सप्टेंबरला, रविवारी, गॅलिलीचे प्रभारी जिल्हा आयुक्त लुईस अँड्र्यूज नाझारेथमधील चर्चकडे प्रार्थनेसाठी निघाले असताना त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. कमिटीने या खुनाचा निषेध केला, तरीही १ ऑक्टोबरला सरकारने ती बेकायदेशीर ठरवली. तिचे अध्यक्ष हाज अमीन अल-हुसेनी जेरुसलेममधील हरम-अल-शरीफ या मशिदींच्या पवित्र आवारात आश्रयाला होते. तेथून ते लेबनॉनला निसटले. खालिदी मात्र सरकारच्या हाती लागले. माझ्या मते आपल्या भाषणाचा गाभा येथेच आहे: कायद्याच्या चौकटीत वावरणारा माणूस उघडपणे वावरत असतो, म्हणून त्याला पकडणे सोपे असते.

जुनी तांबट आळी:
तुलना जरूर करावी, परंतु ती अँड्र्यूज आणि जॅक्सन यांच्यापुरतीच ठेवावी. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढे खटला उभा राहिला आणि १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. तो न्याय परक्या सत्तेचा होता, हे मी कधीच विसरत नाही; तरीही तेथे आरोप होता, साक्षीपुरावा होता, निकालपत्र होते. खालिदींच्या वाट्याला यातले काहीही आले नाही. त्यांच्याशी जुळणारे उदाहरण लाला लजपतराय यांचे आहे. १९०७ मध्ये १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनखाली त्यांना विनाचौकशी मंडालेला नेण्यात आले होते. लोकमान्यांचे मंडाले येथे आणू नये, कारण त्यांना शिक्षा झाली ती खटल्यानंतर.

गोदाकाठ (नाशिक):
आपणा दोघांचीही मनापासून आभारी आहे. लजपतरायांचे उदाहरण घेईन आणि ‘जनतेने निवडलेला नगराध्यक्ष’ हे शब्द बदलीन. सेशेल्समधल्या दिवसांविषयी काही सांगता येईल का?

पंचवटीकर:
ताई, त्या काळात त्यांनी रोजनिशी लिहिली. अलीकडे ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आहे, ती अवश्य मिळवावी. अहमद हिल्मी, फुआद साबा, याकूब अल-घुसेन आणि रशीद अल-हाज इब्राहीम हे चौघे माहे बेटावर त्यांच्यासोबत होते. इजिप्तचे राष्ट्रवादी नेते साद झगलूल यांनाही १९२२ मध्ये ब्रिटिशांनी याच बेटांवर ठेवले होते, म्हणजे ही वाट साम्राज्याच्या सरावाची होती. डिसेंबर १९३८ मध्ये पाचही जणांची सुटका झाली, कारण पॅलेस्टाईनच्या भवितव्यावर १९३९ मध्ये भरलेल्या लंडन परिषदेत तेथील अरबांच्या बाजूने बोलण्यासाठी सरकारला माणसे हवी होती. खालिदी त्या परिषदेला गेले. लंडनला जाण्याची मुभा मिळालेल्या या माणसाला जेरुसलेमला परतण्याची परवानगी मात्र नव्हती. आपल्या शहरात पुन्हा पाऊल ठेवण्यासाठी त्यांना १९४३ पर्यंत वाट पाहावी लागली.