मदत हवी आहे: मुलांना कागदकातरकाम शिकवताना

नमस्कार मंडळी, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चीनमधल्या शिआन शहरात राहतो. शेजारच्या आजी मूळच्या याच प्रांतातल्या आनसाई भागातल्या. लाल कागदाची घडी घालून, पेन्सिल न टेकवता, नववर्षासाठी खिडकीवर लावायची फुलं कापतात. २००९ साली ही कला युनेस्कोच्या यादीत गेली, पण आजींचा नातू मोबाईलमधून मान वर करत नाही!

नमुन्याची नक्कल करायला आजी जुना नमुना ओल्या पांढऱ्या कागदावर चिकटवून दिव्याच्या काजळीवर धरतात. तो सोलला की काळ्यात पांढरी आकृती उरते. हे बघायला मुलं जमतात, कात्री हातात दिली की पांगतात.

आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी सुरुवात कुठल्या आकारापासून करावी? आणि जुन्या नमुन्यांचा लाल रंग दमटपणात उतरतो, ते कशात ठेवू?