वडिलांची एमएम 540 जीप दुरुस्त करू की विकू?

कणकवलीकर
नमस्कार मंडळी. वडिलांची 1989 ची महिंद्रा एमएम 540 आहे, फोर बाय फोर, 2112 सीसीचं प्यूजो डिझेल. बाबा होते तोवर आंब्याच्या पेट्या, खताच्या गोणी, पाहुणेरावळे सगळं तिच्यावरच. ते गेल्यापासून मांगरात उभी आहे. इंजिन जाम झालंय, ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्याला भोक पडलंय, एक ब्रेक सुटत नाही. एक गॅरेजवाला म्हणाला चार लाख लागतील आणि आधी डेंटिंग पेंटिंग करून घ्या, दुसरा जशी आहे तशी उचलून न्यायला रोज फोन करतोय. आई म्हणते विकायची नाही. मला शोपीस नकोय, बागेत वरच्या कातळापर्यंत चढली आणि कधीतरी पोरांना घेऊन आंबोलीला गेली तरी खूप झालं. जुनं काढून बोलेरोचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन टाकून मोकळं व्हावं का? आणि एवढा खर्च करावा की नाही हे नक्की कशावरून ठरवायचं?

कोल्हापुरी_फिटर
भावा, इंजिन आणि पेंट दोन्ही आत्ता विसर. आधी गाडीखाली झोप. जीपचं सगळं मिळतंय, स्प्रिंगचे पाटे, बुश, क्राऊन पिनियन, पण चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडाच सडला असेल तर बाकी सगळं वाया. लहान हातोडी घे आणि चेसिसवर पुढून मागपर्यंत ठोकत जा, टणटण वाजली तर लोखंड हाय, भद्द वाजली की तिथं आतून गंजलंय. पाट्यांचे हँगर जिथं चेसिसला बसतात तिथं, मागच्या आडव्या क्रॉस मेंबरला आणि बॉडीच्या माउंटिंगखाली नीट बघ, कोकणातली गाडी तिथंच आधी जाते, चिखल साठून राहतो ना. कुणी जुन्या गंजावर पट्टी मारून वेल्डिंग केलेलं दिसलं तर ती पट्टी संशयाचीच धर. पायाखालच्या भोकाचं टेन्शन घेऊ नको, ते चांगला पत्रेवाला करतो.

इंजिनला स्टार्टर मारू नको, आणि गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरनं ओढायचं तर अजिबात नाही, पिस्टनच्या रिंगा तुटतील. इंजेक्टर आणि हीटर प्लग काढ, चारी सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओत, चार-सहा दिवस भिजू दे, मग पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून हातानं हळूहळू पुढंमागं कर. बऱ्याच वेळा तेवढ्यावर सुटतं. सुटलं तरी लगेच चालू करू नको, ऑइल बदल, टाकीतलं जुनं डिझेल काढून टाकी धू, नाहीतर सगळा गाळ डिझेल पंपात.

नाशिकचा_जीपवाला
फिटर दादांनी चेसिस सांगितली, मी त्याच्याही आधी कागद बघा म्हणेन. आरसी बाबांच्या नावावर असणार, म्हणजे वारस म्हणून फॉर्म 31 भरून नाव बदलून घ्यावं लागेल. मग रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण. 15 वर्षं झाली की दर 5 वर्षांनी ते करायचं असतं, 2025 च्या ऑगस्टपासून 20 वर्षांवरच्या चारचाकीला त्याची फी 10,000 रुपये झालीय, मुदत संपून गेली असेल तर उशिराचे महिन्याला 500 वेगळे, शिवाय पर्यावरण कर. एवढं जुनं रजिस्ट्रेशन ऑनलाइन चढलेलंच नसण्याची शक्यता आहे, मग आधी बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, म्हणून एकही पाना लावायच्या आधी ओरोसच्या आरटीओत आरसी घेऊन जा.

डीआय इंजिनचं म्हणाल तर नका करू. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आरसीवरच्यापेक्षा वेगळ्या प्रकारचं इंजिन परवानगीशिवाय टाकलं तर पासिंगलाही अडकाल आणि उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. आणि खरं सांगू, प्यूजोचा तो आवाज, सावकाश चढण्याची ताकद, तीच तर ही गाडी आहे.

अजून एक, चेसिस नंबर. पासिंगला त्याची पेन्सिल प्रिंट घेतात. वाळूच्या माऱ्यानं गंज काढणाऱ्या सँड ब्लास्टिंगवाल्याला त्या जागेला हातही लावू देऊ नका, नंबर पुसट झाला तर जे काय हेलपाटे पडतील ते विचारू नका.

पुणे_ऑफरोड
विंटेजमध्ये नोंदवता येईल का? आणि हरियाणातल्या मंडी डबवालीहून, जिथं जीपच्या बॉड्या बनतात, नवी बॉडी मागवली तर पत्र्याचं काम वाचेल असं मला वाटतं.

नाशिकचा_जीपवाला
विंटेजला 50 वर्षं लागतात, 2021 चा नियम, म्हणजे हिला 2039 उजाडेल. आणि ती गाडी रोज वापरताही येत नाही, यांना तर बागेत न्यायचीय. डबवालीची बॉडी घेणार असाल तर आधी पत्र्याची जाडी मोजून घ्या, पण जुना टब, म्हणजे मूळ पत्र्याची बॉडी, वाचत असेल तर तोच वाचवा. 1989 चा टब टाकून दिला की परत मिळत नाही.

कणकवलीकर
सगळ्यांचे आभार, खरंच. काल भावाबरोबर गाडीखाली गेलो. चेसिस पूर्ण टणटण वाजली, फक्त मागच्या डाव्या हँगरपाशी वीतभर भद्द. नंबर साफ वाचता येतोय. आरसीची मुदत 2019 ला संपलीय. सिलिंडरमध्ये तेल सोडलंय. एवढ्यावर ठरवू का?

कोल्हापुरी_फिटर
ठरव, कर. एका हँगरपाशी गंज म्हणजे जीपमध्ये काहीच नाही. पट्टी मारू देऊ नको, तेवढा तुकडा कापून त्याच जाडीचा पत्रा घालायला सांग, आणि वेल्डिंग करताना बॅटरी काढून ठेव. क्रम असा ठेव, आधी कागद, मग हँगर, मग चारी ब्रेक ड्रमचे व्हील सिलिंडर आणि ब्रेकचे पाइप नवे, मग इंजिन. ब्रेक झाल्याशिवाय बागेतसुद्धा काढू नको, उतार हाय तुमच्याकडं. त्या चार लाखवाल्याला आत्ता काही देऊ नको, गाडी वर्षभर चालव, काय काय कुरकुरतंय ते कळेल, पेंट त्यानंतर. पुढची चाकं ज्यावर वळतात ते किंगपिन बेअरिंग नक्की बघ, त्यात ढिलाई असली की चाळीसच्या पुढं स्टिअरिंग थरथरतं.

आणि इंजिन सुटलं की इथं लिही, पंपाचं मग सांगतो.